अकरा सह्या

पोसो अमार्गो, १२ मे २००६

यानिना,

खोका पोचला की आधी उघडून मोज, मग हे वाच. चोवीस एम्पानादा आहेत. सारणात कांदा जास्त घातलाय, कारण तिथे तुला कांदा चिरायचा कंटाळा. त्रान्सितो बस हाकता हाकता दोन तरी काढून खातो, म्हणून सुतळीला या खेपेस मी माझी गाठ मारलीय. सोडून पुन्हा बांधलेली दिसली तर कळव, मी त्याला स्टँडवर चारचौघांत विचारीन.

मागचा खोका परत आला त्यात मळके कपडे होते, रिकामे डबे होते, पत्र नव्हतं. डबे बोलत नाहीत. फोन करू का म्हणून विचारू नकोस. माझा उजवा कान गेला, नि डाव्यानं मी ऐकायच्या आत फोनच्या दुकानातल्या बाईनं सगळं ऐकून गावाला सांगितलेलं असतं. मी दुसरीतून शाळा सोडली तरी लिहिते. तू पाचव्या वर्षाला आहेस, तुझा हात कशानं दुखतो?

इकडची बातमी म्हणजे सुल्माची पोरगी नर्स झाली. शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडली तशी घरच्यांनी तिला फाटकातच गाठलं, डोक्यावर अंडी फोडली, पीठ ओतलं, वरून मोहरीचा लगदा फासला. तशीच बसनं गावात आणली. त्रान्सितोनं सीटवर वर्तमानपत्र अंथरलं म्हणे. मला ती नासाडी वाटते. तेवढ्या अंड्यांत मी शाळेच्या स्वयंपाकघरात साठ पोरं जेवायला घातली असती. पण आता जो तो मला विचारतो, ओफेलिया, तुझीचं कधी? मी सांगते, डिसेंबर. वीज सोसायटीचा बेलिसारियो सोसायटीची गाडी द्यायला तयार आहे, सगळ्यांनी मिळून कोर्दोबाला जायचं म्हणतो. तुझी खुर्ची त्यानं अजून कुणाला दिली नाही. संगणकावर त्याच्या बायकोनं फुलाफुलांचं कव्हर शिवून घातलंय. धूळ बसत नाही. चालू करायला कुणी धजत नाही, इंजिनियर आल्यावर करू म्हणतात.

डिसेंबर बरोबर ना? एकदा लिहून दे म्हणजे माझी जीभ मोकळी.

चादरी पाठव. तू धुतेस त्या धुतल्यासारख्या दिसत नाहीत.

आजी


कोर्दोबा, २१ मे

लाडक्या आजी,

चोवीसच्या चोवीस पोचल्या, गाठ तशीच होती. बिचाऱ्या त्रान्सितोला उगाच नावं ठेवू नकोस.

पत्राचं राहूनच गेलं, कारण काम फार आहे. पाचव्या वर्षी नुसतं वाचून भागत नाही, आख्खा प्रकल्प उभा करावा लागतो. माझा प्रकल्प शहरातल्या बसचा आहे. कुठली बस कुठे अडकली ते संगणकानं आपलं आपण ओळखायचं आणि थांब्यावरच्या पाटीवर दाखवायचं. सर खूश आहेत. त्याखेरीज दोन परीक्षा राहिल्यात, त्याही किरकोळ. डिसेंबर म्हणायला हरकत नाही. फक्त गाडीबिडी इतक्यात ठरवू नका, इथे तारखा सारख्या पुढे-मागे होतात. आणि अंडी नकोत हं. इकडे ती पद्धत आता फारशी उरली नाही.

थंडी पडायला लागलीय. मी नीट जेवते. बेलिसारियोंना नमस्कार सांग.

चादरी आणि स्वेटर पाठवतेय.

तुझी यानि


कोर्दोबा, २४ मे

आजी,

घाईत लिहितेय, चिठ्ठी त्रान्सितोच्याच हातात देते. परवाच्या खोक्यात चादरीत गुंडाळून एक छोटी निळी वही आली असेल. ती माझ्या मैत्रिणीची, मिलाग्रोसची आहे. आमच्याकडे प्रत्येकाकडे अशी वही असते, परीक्षा झाली की सर तिच्यात गुण लिहून सही करतात. तिला ती ताबडतोब हवीय. उघडायची काही गरज नाही, आहे तशी पिशवीत घालून पाठवून दे.

यानि


पोसो अमार्गो, २ जून

यानिना,

वही मिळाली. चादर भिजत घालताना खाली पडली, नाहीतर सगळी विद्या साबणात गेली असती.

तुझ्या मैत्रिणीला सांग की तिचं नाक आमच्या घरातलं आहे. पहिल्या पानावर फोटो आहे, त्यात तिनं तुझा पिवळा झगा घातलाय. मी शिवलेला, गळा वाकडा झालेला. नावही तुझंच लावते वाटतं, यानिना कोरोनेल.

उघडू नकोस म्हणालीस. मी शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. हेडमास्तर ज्या पोत्याकडे बघू नका म्हणायचा त्यातच किडे निघायचे. म्हणून उघडली. अक्षर लावायला मला वेळ लागतो, मोजायला लागत नाही. पानोपान मिळून चाळीस ओळी छापल्यात. सह्या अकरा. घरात अंधार असतो म्हणून उन्हात नेऊन पुन्हा मोजल्या. अकराच. शेवटची सही दोन हजार तीन सालची.

दोन किरकोळ परीक्षा राहिलेल्या मुलीच्या वहीत अडतीस सह्या पाहिजेत. मी दुसरी शिकलेली बाई, माझं चुकत असेल तर सांग.

वही परत पाठवत नाही. तुझं पत्र आलं की बघू. खरं पत्र. मागच्या पत्रात शोधून शोधून मला एवढंच खरं सापडलं की थंडी पडलीय.

चादरी स्वच्छ आहेत. खोक्यात चीज आहे, ते आधी संपव, टिकत नाही.

आजी


कोर्दोबा, १४ जून

आजी,

तुझं चुकत नाही.

चार वेळा लिहायला बसले. तू रागावशील म्हणून नव्हे. तू रागावलीस तर बरंच होईल. पण एकदा लिहिलं की मलाही वाचावं लागणार, म्हणून जमत नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येक विषयाचे दोन टप्पे असतात. आधी वर्ग करायचे आणि अधल्यामधल्या चाचण्या द्यायच्या. तेवढं केलं की शेवटच्या परीक्षेला बसायचा हक्क मिळतो. ती सुटली की वहीत सही. आणि विषय एकावर एक रचलेले असतात. खालच्याची सही नसेल तर वरच्याची परीक्षा देऊ देत नाहीत. माझं दुसऱ्या वर्षाचं गणित अडकलंय. त्या एकाच गणितावर तिसरं, चौथं, पाचवं, सगळं उभं आहे. तिसऱ्या वर्षाचे वर्ग मी केले, चाचण्या सुटल्या, पण सही घेता येत नाही. चौथ्या-पाचव्याच्या वर्गात मी मागच्या बाकावर जाऊन बसते. हजेरी होते तेव्हा माझं नाव येत नाही. सरांना वाटत असेल कुणीतरी ऐकायला येतं.

बसचा प्रकल्प मिलाग्रोसचा आहे. अर्ध्याहून जास्त मी लिहिलाय, तिचं डोकं त्यात चालत नव्हतं. तिची डिसेंबरात पदवी होईल.

वर्ग केल्याचा हक्क तीन वर्षं टिकतो. माझा या डिसेंबरात संपतो. डिसेंबरची परीक्षा ही शेवटची संधी. ती सुटली नाही तर मार्चपासून पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या बाकावर, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांत, आणि तिसऱ्याचं केलेलंही हळूहळू बाद होत जाईल.

मी सहा वेळा नापास झाले, आजी. सहा.

वही पाठव. तिच्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

यानि


पोसो अमार्गो, २७ जून

यानिना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजायला, दुसऱ्यांदा रागवायला. तिसऱ्यांदा वहीशी ताडून बघायला.

वहीत गणिताच्या ओळीवर डिसेंबर तीन साल लिहिलंय, नि पुढे लाल शाईत दोनचा आकडा. म्हणजे तुमचे सर नापास झालेल्याचंही लिहितात. मग उरलेले पाच लाल आकडे कुठे गेले? मी सगळी पानं चाळली, पाठीमागचंही बघितलं. लाल एकच आहे.

सहा वेळा नापास झालीस म्हणतेस, वही म्हणते एकदा. तुमच्या दोघींत वहीला खोटं बोलायचं काही कारण नाही.

स्टँडवर काल बेलिसारियो भाकरी घ्यायला आला होता. गाडीत किती माणसं बसतील ते बोटांवर मोजत होता. मी निखाऱ्यावरच्या भाकरी उलटत राहिले. डिसेंबर म्हणून मीच सांगत आलेय, आता तोंडात भाकर घालून गप्प बसायची माझ्यावर पाळी आणलीस.

पाच कुठे गेले ते लिही.

आजी


कोर्दोबा, ९ जुलै

आजी,

परीक्षा तिसऱ्या मजल्यावर असते. लांब बोळ आहे आणि मधोमध एक जाड खांब. सगळे उभे असतात, कुणी वही चाळतं, कुणी मातेचा कडू चहा नळीनं ओढत थर्मास फिरवतं. मग सर दार उघडून यादीतली नावं पुकारतात. हाक आली की आत जायचं.

मी दर वेळी नाव नोंदवलं. दर वेळी वेळेवर गेले. अभ्यास झालेला होता, खोटं नाही सांगत. मिलाग्रोसला तेच गणित मी शिकवलं आणि ती सुटली. सर पुकारायचे, "कोरोनेल, यानिना." थोडं थांबून पुन्हा एकदा. आणि मी खांबामागे उभी. तिथून दार दिसतं, दारातून खांबामागचं दिसत नाही. मग सर काहीतरी लिहायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. गैरहजर असलं तर वहीत काही लिहीत नाहीत. म्हणून लाल एकच.

पाच वेळा, आजी. पायऱ्या उतरून खाली आले की कँटीनमध्ये बसून मुली काय विचारलं ते सांगायच्या आणि मला प्रत्येक उत्तर येत असायचं.

का, ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही. भीती वाटते एवढंच.

यानि


पोसो अमार्गो, २५ जुलै

यानिना,

भीती वाटते हे कारण नव्हे. मला सापाची भीती वाटते, पण कोंबड्यांना दाणे टाकायला मी रोज जाते.

मी बसून तारखा लावल्या. मला यायला उशीर होतो पण येतं. डिसेंबर तीन साली तू आत गेलीस, लाल दोन घेऊन बाहेर आलीस. म्हणजे तेव्हा पाय चालत होते. नापास होणं म्हणजे काय ते तुला माहीत झालं, त्यानं कुणी मरत नाही. मग जानेवारीत उन्हाळ्याच्या सुटीला घरी आलीस. त्याच जानेवारीत बेलिसारियोनं तुला सोसायटीत नेऊन ती खोली दाखवली. खुर्ची दाखवली. त्याच्या बायकोनं सोसायटीच्या कोटासाठी तुझ्या खांद्याचं माप घेतलं नि म्हणाली, आता आमची पोर आमच्यातच राहणार. सगळे हसले. मीही हसले, मीच तर शब्द टाकला होता त्याच्याकडे. घरी येऊन तू जेवली नाहीस. ऊन बाधलं म्हणालीस. मी डोक्यावर ओलं फडकं ठेवलं.

नि फेब्रुवारीत तू पहिल्यांदा खांबामागे गेलीस.

मी तुला लहानपणापासून बघते. तुला ऊन कधी बाधत नाही.

लांबलचक लिहू नकोस. एका ओळीत लिही. परीक्षेला भितेस की परत यायला?

आजी


कोर्दोबा, ६ ऑगस्ट

आजी,

परत यायला.

एका ओळीत झालं, पण एवढंच ठेवलं तर ते खोटं होईल. नापास होऊन शिक्षण सोडायचं म्हटलं तर तशीच घरी परत यायचं. पास होऊन परत यायचं म्हटलं तर त्या खुर्चीत बसायचं, फुलांचं कव्हर काढायचं, संध्याकाळी घालायचं, कुणाचं बिल चुकलं ते बघायचं, साठीपर्यंत. दोन्ही रस्ते पोसो अमार्गोलाच येतात. ना पास ना नापास अशी एकच जागा होती, खांबाच्या मागची. तिथे उभी असताना कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. मग तीच सवय झाली. आता त्या जागेतही श्वास घेता येत नाही, कारण डिसेंबरनंतर ती राहणारच नाही.

तुझ्यापासून पळायचं म्हणून नाही. तुझ्यापासूनही आहे, थोडं. तू म्हणालीस खरं पत्र लिही.

यानि


कोर्दोबा, १८ सप्टेंबर

आजी,

दोन खोके आले. एम्पानादा आल्या, लोकरीचे मोजे आले, पत्र नाही. दोन्ही वेळा तळापर्यंत बघितलं, डब्यांखालचे कागदही उलगडले. त्रान्सितोला विचारलं तर म्हणाला, म्हातारी ठीक आहे, भाकरी विकते, माझ्याशीही बोलत नाही.

शिव्या घाल. पण लिही.

यानि


पोसो अमार्गो, ५ ऑक्टोबर

यानिना,

दोन खोके पत्राशिवाय पाठवले कारण राग होता. राग असला तरी पोर जेवते, म्हणून खोके पाठवले. दोन्हीची गल्लत करू नये.

तू म्हणालीस थोडं माझ्यापासूनही. ते वाचून मी कागद चुलीपाशी नेला होता. मग म्हटलं, मीच मागितलं होतं खरं पत्र. मागून घेतलेलं जाळायचं कशाला. तुझी आई ब्युनोस आयर्सला गेली तेव्हा तिनं असं काही लिहून ठेवलं नव्हतं. दारामागे चपला नव्हत्या, त्यावरून मला कळलं. तू निदान लिहिलंस.

गेल्या मंगळवारी दुपारी, सगळे झोपतात त्या वेळी, मी सोसायटीत गेले. बेलिसारियो टेबलावर पाय टाकून घोरत होता. मी काउंटरवर किल्लीनं ठोकलं.

"ओफेलिया, बिल भरायचंय का?"

"नाही. खुर्चीचं बोलायचंय. ती कुणाला द्यायची त्याला द्या. यानिना येणार नाही."

"डिसेंबरात नाही म्हणता? मार्च झाला तरी चालेल. तीन वर्षं थांबलो, आणखी तीन महिने."

"मार्चात नाही, कधीच नाही."

त्याला वाटलं तुला मोठ्या शहरात कुणी जास्त पगाराची नोकरी दिली. मग त्याला वाटलं लग्न ठरलं. मग म्हणाला, "अहो, आम्ही पोरीसाठी खोली रंगवली. तिनं शब्द दिला होता."

मी म्हटलं, "तिनं नाही दिला. मी दिला होता. मी परत घेते. पोर काही माझ्या भाकरीचं पीठ नव्हे, मी मळून ठेवलं नि तुम्ही भाजलं."

त्यानं टेबलावरचे पाय खाली घेतले, चष्मा लावला, नि समोरचा कागद वाचायला लागला. कागद उलटा होता.

आता त्याची बायको माझ्याकडून भाकरी घेत नाही, पलीकडच्या बाईकडून घेते, जी पिठातली चरबी चोरते. खुर्चीवर त्याचा पुतण्या बसलाय. त्यानं कव्हर काढलं, बटण दाबलं, नि पहिल्याच दिवशी अर्ध्या गावाला दुप्पट बिलं आली. लोक माझ्याकडे बघतात, जणू बटण मी दाबलं. गाडी रद्द झाली. का ते मी कुणाला सांगितलं नाही, नि तू कितव्या वर्षाला आहेस तेही नाही. तेवढं माझ्याच्यानं अजून झालं नाही. ते तुझ्या लाजेपायी नव्हे. पाचवं म्हणताना मी मान जरा वर करायचे, ती खाली घ्यायची होती, मान आखडली.

तर आता असं आहे. पास झालीस तरी इथे कुणी वाट बघत नाही. नापास झालीस तरी नाही. खांबामागे लपायचं असेल तर लप, पण माझ्या नावावर लपू नकोस.

वही खोक्यात आहे, मोज्यांच्या आत. मिलाग्रोसला देऊ नकोस.

आजी


कोर्दोबा, १७ डिसेंबर

आजी,

दोन महिने लिहिलं नाही. अभ्यास करत होते, आणि अभ्यास झाला की भिंतीकडे बघत होते. तुझं पत्र वाचून मला वाटलं होतं, झालं, सुटले. खुर्ची गेली, आता पाय आपोआप चालतील. तसं काही होत नाही. खुर्ची होती तोवर मला निदान माहीत होतं मी कशापासून लपतेय.

चौदा तारखेला गेले. गरमी एवढी की बोळातल्या सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. मी खांबापाशी जाऊन उभी राहिले. ठरवून नव्हे, पाय तिकडेच गेले. सरांनी पुकारलं, "कोरोनेल, यानिना." मग नेहमीसारखे थांबले. मला घाम पुसायचा होता म्हणून हात वर केला असेल किंवा काय, मला अजून कळलं नाही, पण बाजूचा मुलगा म्हणाला, "ही इथे आहे, सर." आता सगळे बघायला लागले. गेले आत.

इतुर्राल्दे सर म्हातारे झालेत. त्यांनी वही उघडली, फोटो बघितला, मला बघितलं. म्हणाले, "तीन वर्षं यादीत तुमचं नाव बघतोय. मला वाटलं संगणकाची चूक आहे."

लेखी बरं गेलं. मग फळ्यापाशी बोलावलं. मांडलेलं गणित सगळं बरोबर होतं. त्यांनी विचारलं, ही पायरी का घेतलीत? मी म्हटलं, अशीच घेतात. ते म्हणाले, ते दिसतंय, पण का? मला माहीत नव्हतं, आजी. एवढी वर्षं मी उत्तरं पाठ केली, प्रश्न करायला समोर कुणी नव्हतंच. खांब काही विचारत नाही. वीस मिनिटं उभी होते. खडू हाताला चिकटला.

तीन. सुटायला दहापैकी चार लागतात.

लाल शाईत लिहिलं आणि वही मिटली. म्हणाले, वर्ग पुन्हा करा, माझ्याकडे या, मी का विचारतो ते मार्चपासून रोज सांगीन. वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मला रडता आलं असतं.

तर हक्क संपला. मार्चमध्ये नाव घातलं तर दुसरं वर्ष, पहिल्या बाकापासून. नाही घातलं तर काय, ते मला माहीत नाही. रस्त्यावर येऊन उभी राहिले तर सुटल्यासारखंही वाटलं नाही, अडकल्यासारखंही नाही, नुसतं ऊन होतं. मिलाग्रोसची पदवी त्याच दिवशी झाली. फाटकात तिच्या घरच्यांनी तिला पिठात बुडवली होती आणि ती मला मिठी मारायला आली. माझ्या अंगावरही पीठ. बसमध्ये एका बाईनं माझं अभिनंदन केलं. मी धन्यवाद म्हटलं. घरी येऊन लाज वाटली. ही शेवटची थाप.

नाव घालावंसं वाटतं. पण मला आधी एक सांग. घातलं तर तू लोकांना काय सांगशील? तू पुन्हा पाचवं म्हणणार असशील तर मी घालत नाही. आणखी पाच वर्षं तुझ्या तोंडात पाचव्या वर्षाला राहणं मला जमणार नाही.

यानि


पोसो अमार्गो, २९ डिसेंबर

यानिना,

तीन हा दोनपेक्षा मोठा आकडा आहे, एवढं मला दुसरीत शिकवलंय. यापलीकडे मी त्यावर काही बोलणार नाही. पाठ थोपटायची माझ्या हाताला सवय नाही.

नाव घालायचं की नाही ते तुझं तू बघ. माझा सल्ला मागू नकोस, माझ्या सल्ल्यानं काय होतं ते सोसायटीत दुप्पट बिलं भरणाऱ्यांना विचार. सुटका होईल म्हणून घालू नकोस. पुढची पाच वर्षं त्याच जिन्यानं चढायचंय. मी शाळेतली वर्षं धरून सत्तेचाळीस वर्षं या स्टँडवर त्याच निखाऱ्यांपुढे उभी आहे. कुणी मला सुटलीस का विचारलं नाही, नि मीही स्वतःला विचारलं नाही, भाकर करपते.

बाकी तू विचारलंस त्याचं. तुझं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी सकाळी ब्युनोस आयर्सची बस लागली होती, सणाला आलेली माणसं परत निघालेली, स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. सुल्मा आपल्या नर्सला पोचवायला आलेली. पाच-सहा बायका तिच्याभोवती, नि बेलिसारियोची बायकोही, पलीकडच्या बाईची भाकर हातात धरून. सुल्मानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, माझा कान गेलाय ना, म्हणून.

"ओफेलिया, गाडी तर रद्द झाली. तुझी यानिना आहे तरी कितव्या वर्षाला?"

मी चिमट्यानं भाकर उलटली.

"दुसऱ्या."

तिनं बोटं मोजली. मोजू दिली मी तिला, एका हातानं भागेना तशी दुसरा हात काढला. "पण ती तर दोन सालीच गेली ना शिकायला?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही. भाकर घेतेस की नाही? बस सुटेल."

तिनं दोन घेतल्या.

आजी

खोका शुक्रवारी येईल.